जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलाचं 'शरीराचं वय': तपासणी करावी का?

करवंद | १२ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. सहा वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा माझ्याकडे वाढतोय. इथे त्याला बाबू म्हणते. चौदा पूर्ण. त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. भाऊ मुंबईला ट्रॉलरवर होता. तो आणि वहिनी दोघंही आता नाहीत, त्याबद्दल एवढंच. वहिनीची गरोदरपणात तपासणी झाली होती का, झाली तर कागद कुठे गेला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. बाबू पाचव्या वर्षी तिसऱ्यांदा न्यूमोनियाने आडवा झाला, तेव्हा एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. तेव्हापासून गोळ्या चालू. आधी रात्रीची एक गोळी होती, ती घेतली की भिंत धरून चालायचा आणि झोपेत काहीबाही बडबडायचा. पुढे औषध बदललं, तो त्रास गेला. गेली तीन वर्षं व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणाऱ्या, रिपोर्टवर 'आढळला नाही' असंच येतंय.

म्हणजे तसं सगळं बरं आहे. पण.

परवा त्याला म्हटलं, "माडीवरून सुंभ आण, येताना कोयती घे आणि आजीला विचार चहा टाकू का." गेला. दहा मिनिटांनी वर जाऊन बघते तर खिडकीत उभा. हातात सुंभ, नजर पावसात. कोयती नाही, चहा नाही. माझी आई म्हणते, "तेका तीन कामां सांगलंय तर एक करता, पण ता एक बरोबर करता."

शाळेतून तक्रार येते ती अशी: लक्ष नसतं, हाक मारली तरी बघत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. उंचीने रांगेत पहिला, म्हणजे सगळ्यात बुटका. आणि हाच मुलगा कॅलेंडरात तिथी बघून भरती किती वाजता ते तोंडी सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, हे माझ्या वडिलांनी त्याला एकदाच शिकवलं होतं. षष्ठी म्हटली की "साडेचार", एकादशी म्हटली की "सव्वाआठ". मला अजून बोटं मोजावी लागतात.

आता मुद्द्याचं. ठाण्याच्या चुलतभावाने एक लेख पाठवला. जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांचं शरीर आतून लवकर म्हातारं होतं, पेशींचं वय पुढे धावतं, असं त्यात आहे. मुंबईत खाजगी लॅबमध्ये 'बायोलॉजिकल एज' काढून देतात, पैसे मी भरतो, म्हणतोय. तेव्हापासून मला झोप नाही. पोर चौदाचं दिसतं आणि आतून वीस-बावीसचं झालंय का? आणि तसं असेल तर डोकं पुढे असायला हवं ना, ते मागे का?

कुणाला माहिती असेल तर सांगा. कृपा करून घाबरवू नका. आणि खोटा धीरही देऊ नका.

संपादक | १२ जुलै, रात्री ११.०५

करवंद, तुमच्या लेखात गावाचं आणि शाळेचं नाव होतं, ते काढलं आहे. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने कुणाचीही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. मुलाच्या बाबतीत आपण सगळ्यांनीच जास्त जपायला हवं. प्रतिसाद देणाऱ्यांनी तालुका, शाळा, दवाखाना विचारू नये.

करवंद | १२ जुलै, रात्री ११.२०

अरे देवा. लक्षातच आलं नाही. आभारी आहे.

सूक्ष्मदर्शी | १३ जुलै, सकाळी ७.१५

मी प्रयोगशाळेत काम करते, डॉक्टर नाही. शरीराचं वय काढतात त्या 'घड्याळा'पुरतं सांगते, मेंदूचं कुणी जाणकार सांगतील.

आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मेथिल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटलेले असतात. कुठलं जनुक चालू ठेवायचं, कुठलं मिटवायचं, यात त्यांचा हात असतो. वय वाढतं तसे काही ठरावीक जागी ते वाढतात, काही जागी झडतात. २०१३ साली अमेरिकेत स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा ३५३ जागा निवडून वयाचा अंदाज बांधणारं गणित तयार केलं. त्यालाच 'घड्याळ' म्हणतात. रक्ताचा नमुना द्या, गणित वय सांगतं. ते कॅलेंडरच्या वयापेक्षा जास्त आलं तर 'घड्याळ पुढे' म्हणायचं.

होर्वाथ आणि लेव्हिन यांनी २०१५ साली हे गणित एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसांना लावलं. रक्तात सरासरी ५.२ वर्षं आणि मेंदूच्या ऊतींमध्ये ७.४ वर्षं पुढे आलं. मग २०१८ साली केप टाउनच्या ९ ते १२ वयाच्या मुलांवरचं काम छापून आलं. जन्मतः लागण झालेली दोनशेच्या आसपास मुलं, शिवाय लागण नसलेली त्याच वयाची काही मुलं. लागण असलेल्यांचं घड्याळ पुढे निघालं. आणि ज्यांचं जास्त पुढे, त्यांचं कामं आखून तडीस नेण्याचं कौशल्य कमी भरलं. तुमच्या भावाने पाठवलेल्या लेखाचं मूळ बहुधा हेच.

आता याचा अर्थ काय नाही, ते सांगते. ही सगळी गटाची सरासरी आहे. त्या मूळ घड्याळाची स्वतःचीच चूक साधारण ३.६ वर्षांची. चौदा वर्षांच्या एका मुलाला लावून 'साडेसोळा' आलं, तर त्यातून त्याच्याबद्दल काय कळलं? काही नाही. शिवाय एचआयव्हीत रक्तातल्या पेशींचं मिश्रणच बदलतं, एका जातीच्या पेशी घटतात, दुसऱ्या वाढतात. घड्याळ पुढे दिसतं त्यात थोडा वाटा या मिश्रणाचाही असतो.

आणि तुमचा तो प्रश्न, वय पुढे तर डोकं मागे का? प्रश्न अगदी बरोबर विचारलात. हे घड्याळ जाणतेपणा मोजत नाही. शरीराला सतत लढावं लागल्याने पेशींवर जो ताण पडतो, त्याची ती खूण आहे. झीज पुढे आणि वाढ मागे, दोन्ही एकाच मुलात असू शकतं. उंची कमी असणं, वयात यायला उशीर होणं, हे या मुलांत दिसतंच.

आढीतला | १३ जुलै, सकाळी ९.३०

बागायतदार माणूस आहे, समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. कार्बाइड लावलेला हापूस. बाहेरून पिवळाधमक, कापला तर कोयीपाशी पांढरा. साल सांगते तयार झाला, गर म्हणतो अजून नाही. असंच ना?

काजूबोंडू | १३ जुलै, दुपारी २.१०

आढीतले, उपमा झकास, पण अर्धीच लागू. आंबा एकदा चढला की उतरत नाही. हे घड्याळ थोडं उतरतं. मोठ्या माणसांत औषध सुरू झाल्यावर दोन वर्षांत हे अंतर काहीसं कमी झालेलं दिसलं आहे. पूर्ण नाही, पण कमी.

करवंदताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं किनाऱ्यावरच्याच एका गावात. सरळ लिहितो.

ती खाजगी तपासणी करू नका. पैसे वाया जातील हा भाग वेगळा. तो आकडा तुमच्या डोक्यात बसेल आणि तुम्ही पोराकडे त्या आकड्यातून बघायला लागाल.

मेंदूचं असं आहे. हा विषाणू फार लवकर मेंदूत शिरतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या पाठीवर बसून. चेतापेशींना तो थेट धरत नाही. मेंदूत राखणदारासारख्या पेशी असतात, त्यांच्यात ठाण मांडतो. राखणदारच बिथरला की घरात सतत धुमसत राहतं, आणि त्या धगीत शेजारच्या चेतापेशी होरपळतात. मोठ्या माणसाचा मेंदू बांधून झालेला असतो. बाळाचा बांधकामात असतो. चेतातंतूंवर वायरीसारखं वेष्टण चढायचं असतं, त्यानेच निरोप झपाट्याने जातो. हे काम जन्माच्या आधीपासून सुरू होतं आणि कपाळामागच्या भागात विशी ओलांडेपर्यंत चालतं. 'सुंभ, कोयती, चहा' ही तीन कामं डोक्यात धरून ठेवणं, एक झालं की दुसऱ्याकडे वळणं, हे त्या कपाळामागच्या भागाचं काम. म्हणून नेमकं तिथे अडतं. तिथीची पाऊणपट हा पक्का केलेला हिशेब आहे, त्याचा रस्ता वेगळा. दोन्ही एकाच मुलात असणं यात विसंगती काहीच नाही. तो ढ नाही आणि आळशीही नाही.

पहिलं वर्ष फार मोलाचं. दक्षिण आफ्रिकेत एक चाचणी झाली, निकाल २००८ साली आले. काही बाळांना साधारण सातव्या आठवड्यात औषध सुरू केलं, काहींना प्रतिकार करणाऱ्या सीडी-फोर पेशी घटेपर्यंत किंवा आजाराची लक्षणं दिसेपर्यंत थांबवलं. लवकर सुरू केलेल्यांत मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी. पुढे त्यांची वाढ तपासली तर विकासातही ती पुढे निघाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, वर्षाच्या आतल्या लागण झालेल्या प्रत्येक बाळाला ताबडतोब औषध द्या. याउलट थायलंड आणि कंबोडियात एक ते बारा वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला. 'लगेच द्या' आणि 'थोडं थांबून द्या' या दोन गटांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक निघाला नाही, पण लागण नसलेल्या मुलांपेक्षा दोन्ही गट मागे होते. म्हणजे मेंदूपुरती खिडकी फार लहान, फार सुरुवातीची.

खोटा धीर नको म्हणालात म्हणून लिहितो. बाबूची पाच वर्षं औषधाविना गेली. त्या काळात काही नुकसान झालं असणं शक्य आहे. पण लोड दाबलेला आहे म्हणजे आता ते रोज वाढत नाहीये. आणि मेंदूचं काम अजून आठ-दहा वर्षं चालू राहणार आहे.

आता माझा एक प्रश्न. 'हाक मारली तरी बघत नाही.' कान कधी तपासलेत? लहानपणी कान फुटायचा का?

शंकासुर | १३ जुलै, संध्याकाळी ६.००

एक शंका, नावाला जागून. ही मुलं मागे पडतात ती विषाणूमुळेच कशावरून? आई-बाप गेलेले, घरात पैसा नाही, दर महिन्याला औषधासाठी शाळा बुडते, पोट कधी भरलं कधी नाही. अशा कुठल्याही पोराचं लक्ष खिडकीबाहेरच जाईल. संशोधकांना सगळं रक्तातच सापडतं.

सूक्ष्मदर्शी | १३ जुलै, रात्री ८.२५

शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती आहे. म्हणून तर तुलनेची मुलं त्याच वस्त्यांतली घ्यायची धडपड करतात. दुसरा एक गट असतो: आईला एचआयव्ही, पण बाळाला लागण नाही. केप टाउनजवळ ड्राकेनस्टाइन भागात अशा बाळांचा अभ्यास झाला. दोन वर्षांच्या वयात ती भाषेत थोडी मागे आढळली, विषाणू अंगात नसतानाही. म्हणजे गर्भातलं वातावरण, आईची तब्येत, घर, सगळंच मिसळलेलं आहे. चिमट्याने वेगळं काढता येत नाही. पण विषाणूचा वाटा शून्य, असं मात्र कुठल्याच आकड्यांतून निघत नाही.

शंकासुर | १३ जुलै, रात्री ८.४०

बरं. निम्मी शंका फिटली.

करवंद | १३ जुलै, रात्री ११.५०

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला. पाच वर्षांचं वाचून रडले, खोटं कशाला बोलू. पण आता बरं वाटतंय. इतकी वर्षं कुणी असं बसून समजावलंच नव्हतं.

कान. हो, लहानपणी डावा कान सारखा वाहायचा. आई लसणीचं तेल कोमट करून घालायची. मोठा झाल्यावर थांबलं असं वाटलं. पण पावसाळ्यात खाडीत डुंबून आला की दोन दिवस उशी ओली असते, ते घाम समजून सोडून द्यायचे. तपासले कधीच नाहीत.

काजूबोंडू | १४ जुलै, सकाळी ६.५०

तेल बंद. आजच्या आज. खाडीत डुंबणंही बंद, निदान कान बघेपर्यंत.

या मुलांत कान वाहणं आणि त्यातून ऐकू कमी येणं इतरांपेक्षा जास्त आढळतं. सगळ्यांचं लक्ष सीडी-फोर आणि लोडकडे असतं, कानाकडे कुणी बघत नाही. जिल्हा रुग्णालयात बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं केंद्र असतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तिथे कान, डोळे, बौद्धिक चाचणी, सगळं मोफत. ठाण्याच्या भावाला म्हणावं पैसेच द्यायचे तर गाडीभाड्याचे दे.

खडूफळा | १४ जुलै, दुपारी ४.३०

एकवीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवतेय. ताई, बाबूच्या आजाराबद्दल शाळेत एक अक्षर बोलायची गरज नाही आणि शाळेला विचारायचा हक्कही नाही. 'याला एका वेळी एकच सूचना द्या, पुढच्या बाकावर बसवा, फळ्यावरचं उतरवून झालं का ते बघा', एवढंच लिहून द्या. कारण विचारलं तर 'ऐकू कमी येतं, तपासणी चालू आहे' म्हणा. ते खरंच निघण्याची शक्यता आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिचं कारण वेगळं. तोंडी सांगितलेलं सगळं वाऱ्यावर. मग तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी चार चित्रं काढून दिली: पुस्तक, वही, डबा, पाण्याची बाटली. घरी जाताना बोट ठेवून एकेक बघायची. दोन महिन्यांत बोट ठेवायचं थांबलं, नुसती नजर टाकायची. बाबूला सुंभ-कोयती-चहा असं सांगू नका. सुंभ सांगा, आणला की कोयती. किंवा पाटीवर लिहा.

आणि दहावीचं आतापासून बघा. चाचणीत अध्ययन अक्षमता निघाली तर प्रमाणपत्रावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. त्या प्रमाणपत्रात एचआयव्हीचा उल्लेख यायचं कारण नाही. मुंबईत सायनच्या रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. पण रांग मोठी, नववीत जाऊन उपयोग नाही.

वनौषधीप्रेमी | १४ जुलै, संध्याकाळी ७.१०

ताई, या इंग्रजी गोळ्यांनीच मेंदू मंद होतो. ब्राह्मी, शंखपुष्पी आणि सोबत लोहभस्म तीन महिने द्या. गोळ्या हळूहळू सुटतील.

काजूबोंडू | १४ जुलै, संध्याकाळी ७.२५

सुटणार नाहीत आणि सोडायच्याही नाहीत. गोळी सोडली की काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो, मेंदूतही.

तुमच्या वाक्यात चिमूटभर खरं आहे ते मान्य करतो. एफाविरेन्झ नावाच्या जुन्या गोळीने चक्कर, विचित्र स्वप्नं, मरगळ यायची. करवंदताईंनी भिंत धरून चालायचा म्हणून लिहिलंय ती बहुधा तीच. म्हणून तर आता डोल्युटेग्रॅव्हिर देतात. आणि या नव्या गोळीसोबत रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियम घेतलं तर ते तिला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात पोचू देत नाही. लोह द्यायचंच असेल तर दोन्ही जेवणासोबत, नाहीतर गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. भस्मात धातूच असतो, डॉक्टरला न विचारता देऊ नका.

करवंद | १४ जुलै, रात्री ९.००

आई त्याला रक्त वाढावं म्हणून लोहाची गोळी देते. सकाळी उपाशीपोटी, दोन्ही एकत्रच. कुणी सांगितलंच नाही. उद्यापासून पेजेसोबत.

अबोली२३ | १५ जुलै, रात्री १.२०

खूप वेळ लिहू की नको चाललं होतं. हा आयडी नवीन काढलाय.

मी बाबू आहे. म्हणजे, वय तेवीस, मुलगी, जन्मापासून पॉझिटिव्ह. मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, आता पुण्यात नोकरी करते. बीकॉम झालंय. चारऐवजी पाच वर्षं लागली तर लागली. (तीन म्हणायला हवं ना? बघा, हे असं होतं माझं. तीनऐवजी पाच.)

मला अजूनही कुणी तीन गोष्टी सांगितल्या की तिसरी पडते. पडते हाच शब्द बरोबर आहे, हातातून बशी पडावी तशी. ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी फार टापटीप, कारण सगळं लिहून ठेवते. टापटीप कसली, लिहिलं नाही तर संपले. मोबाईलवर रात्री नऊला गजर आहे, त्याचं नाव 'दूध'. अकरा वर्षं झाली, तोच गजर.

घड्याळाबिड्याळाचं मला काही कळत नाही. कुणी म्हणालं तुझं शरीर तीस वर्षांचं आहे, तर मी काय करू? गोळी नऊलाच घेणार.

करवंदमावशी, एकच विचारते. बाबूला माहीत आहे का? मला कुणी सांगितलं नव्हतं. 'रक्ताची गोळी' म्हणायचे. तेराव्या वर्षी एआरटी सेंटरच्या, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथल्या, बाकावर बसून समोरचं पोस्टर वाचलं, मग बाटलीवरचं नाव वाचलं, आणि दोन्ही जुळवलं. घरी आले आणि आठ महिने कुणाशी धड बोलले नाही. त्या आठ महिन्यांत कितीतरी गोळ्या चुलीत टाकल्या. माझं लक्ष लागत नव्हतं ते विषाणूमुळे की त्या रागामुळे, कोण सांगणार?

काजूबोंडू | १५ जुलै, सकाळी ७.०५

अबोली, तू लिहिलंस ते बरं केलंस. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सहा ते बारा वयात मुलाला झेपेल तसं टप्प्याटप्प्याने सांगावं. आपल्याकडे 'अजून लहान आहे' म्हणत म्हणत मिशी फुटते.

करवंद | १५ जुलै, रात्री १०.३०

नाही, अबोली. माहीत नाही. आम्हीही 'रक्ताची गोळी'च म्हणतो. बाटली तांदळाच्या डब्याआड असते. गणपतीत घरात बावीस माणसं होतात, तेव्हा त्याला हळूच मागील दारी बोलावून गोळी देते, तोही काही न विचारता गिळतो. काही विचारत नाही म्हणजे काही कळत नाही, असं मी धरून चालले होते. आता भीती वाटतेय की कळतं.

अबोली२३ | १५ जुलै, रात्री १०.४५

कळतं.

खडूफळा | १६ जुलै, दुपारी १.००

सेंटरवर समुपदेशक असतात, त्यांना आधी विश्वासात घ्या. एकट्याने सांगायचं दडपण येत असेल तर त्यांच्यासमोर सांगा. १०९७ हा सरकारी फोन आहे, फुकट, नाव सांगावं लागत नाही.

करवंद | ३ ऑगस्ट, रात्री ९.१५

बरेच दिवसांनी. पावसाने रस्ता दोनदा बंद, एसटी नाही, मग नारळी पौर्णिमा तोंडावर, आणि मनाची तयारी व्हायलाही वेळ गेला.

जिल्ह्याला जाऊन आलो. कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाला बोट पटापट वर. डाव्या कानाला पोरगा नुसता बसून. मी बाहेरून बघत होते. मला वाटलं अजून सुरूच केलं नाही. सुरू केलं होतं.

डाव्या पडद्याला भोक आहे, जुनं. ऐकू बरंच कमी येतं. औषध दिलंय, पाणी जाऊ द्यायचं नाही, दोन महिन्यांनी परत बघून ऑपरेशनचं ठरवतील. वर्गात तो भिंतीकडच्या रांगेत बसायचा, भिंत उजवीकडे, बाई डावीकडे. एवढी वर्षं.

परत येताना एसटीत त्याने विचारलं, "आत्ये, समुद्राचा आवाज एका बाजूनेच येतो ना सगळ्यांना?"

बौद्धिक चाचणीही झाली, अडीच तास. बाई फार शांत होत्या. कामं लक्षात धरणं आणि कामाचा वेग यात मागे आहे, तोंडी हिशेब आणि चित्रं जुळवणं वयाप्रमाणे. डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच. म्हणजे सगळं कानावर ढकलता येणार नाही, तेही समजलं.

आणि सांगितलं. सेंटरमध्ये, समुपदेशक ताईंच्या खोलीत. ताईंनी त्याला विचारलं, "गोळी कशाची घेतोस, काय वाटतं तुला?" तो म्हणाला, "ज्याचा बोर्ड बाहेर लावलाय त्याची." मी खाली बघत बसले. पुढचं ताईच बोलल्या. औषध चालू आहे तोवर विषाणू झोपलेला, पुढे शिकता येईल, लग्न होईल, मुलं होतील आणि त्यांना लागण न होऊ देता होतील, हे सगळं. त्याने एकच विचारलं, बाबा पण घ्यायचे का गोळी. नव्हते घेत, म्हटलं.

घरी आल्यावर बाटली तांदळाच्या डब्याआडून काढून त्याने स्वतः फडताळात ठेवली. माझ्या कुंकवाच्या करंड्याशेजारी. गणपतीत काय करायचं ते गणपतीत बघू, म्हणाला.

अबोली२३ | ३ ऑगस्ट, रात्री ९.४०

गजराला नाव काय ठेवलंय?

करवंद | ३ ऑगस्ट, रात्री ९.५५

'भरती'. रोज नऊला. मी म्हटलं भरती रोज नऊला नसते. म्हणाला, "माका माहीत आसा. बाकीच्यांका नाय."

सूक्ष्मदर्शी | ४ ऑगस्ट, सकाळी ८.००

त्या खाजगी तपासणीचं काय झालं?

करवंद | ४ ऑगस्ट, दुपारी १२.३०

भावाला नको म्हणून कळवलं. थोडा रागावला, मग गाडीभाड्याचे पाठवले.

शंकासुर | ४ ऑगस्ट, दुपारी ३.१५

माझी उरलेली निम्मी शंका वेगळीच आहे. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट म्हणजे तीनला पूर्ण भरती. गेल्या खेपेला आमच्याकडे करून पाहिलं, वीसेक मिनिटांनी चुकलं. बाबूला विचारा.

करवंद | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

विचारलं. म्हणाला, ते समुद्रकिनाऱ्याला. तुम्ही खाडीत किती आत राहता ते आधी सांगा. आत शिरायला पाण्याला वेळ लागतो.